आधी विहीर, मग अंडीपुंज

तुतीची बाग एकदा लावली म्हणजे अनेक वर्षे टिकते, ठिबक सिंचनावर बेताच्या पाण्यात तग धरते आणि वर्षातून अनेक वेळा कोषांचे पीक देते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील सुपा व त्याच्या आसपासचा मुलूख पर्जन्यछायेतील आहे. तेथील शेतकऱ्यास रेशीम उद्योग हा चांगला जोडधंदा वाटावा, यात नवल नाही. मात्र या धंद्याची आखणी करताना संगोपनगृहात किती रॅक मावतील, हे अनेकदा प्रथम पाहिले जाते. खरे पाहता आखणीचा प्रारंभ विहिरीच्या पाण्यापासून व्हावयास हवा.

याचे कारण अळीच्या शरीरधर्मात आहे. रेशीम अळी वेगळे पाणी पीत नाही. तिला लागणारे जवळजवळ सर्व पाणी पानातूनच मिळते. अंड्यातून निघाल्यापासून सुमारे पंचवीस दिवसांत, चार वेळा कात टाकून, तिचे वजन सुमारे दहा हजार पटींनी वाढते. ही वाढ केवळ पोटभर पाल्याने होत नाही. अमेरिकेतील कीटकशास्त्रज्ञ मार्क स्क्रायबर यांनी सेक्रोपिया या रानरेशमाच्या अळ्यांना कमी-अधिक पाणी असलेला पाला देऊन केलेले प्रयोग १९७७ साली प्रसिद्ध झाले. कमी पाण्याच्या पाल्यावरील अळ्या सावकाश वाढल्या आणि पाल्यातील नत्राचाही त्यांना पुरता उपयोग करून घेता आला नाही. सारांश, सुकलेला पाला पोट भरतो, पण अंगी लागत नाही.

बाल्यावस्थेतील अळीस सुमारे ८० टक्के पाणी असलेला कोवळा पाला लागतो. प्रौढ अळीस ७० टक्क्यांच्या आसपासचा चालतो. एकूण पाल्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक पाला अळी पाचव्या म्हणजे शेवटच्या अवस्थेत फस्त करते. नेमक्या त्याच आठवड्यात विहीर आटली, तर तोवरचे सारे कष्ट पणास लागतात. अळ्या लहान-मोठ्या होतात, कोष बांधण्यास उशीर लागतो, कोषाचे कवच पातळ राहते आणि भाव पडतो. संगोपनगृहासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

यावर पाल्यावर पाणी शिंपडावे, असा उपाय काही जण सुचवितात. तो इष्ट नव्हे. सुकलेल्या पानाचा कस त्याने परत येत नाही. उलट बिछाना ओला होऊन रोगांस वाव मिळतो. कात टाकण्याच्या वेळी तर बिछाना कोरडाच असावा लागतो. पाणी पानात असावे, पानावर नसावे.

पाला किती सुकतो हे पाहण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. सकाळी तोडलेला दहा किलो पाला तोलून ठेवावा आणि अळ्यांना घालण्यापूर्वी पुन्हा तोलावा. जी घट येईल ती पाण्याचीच होय. मूळ पाल्यात ७५ टक्के पाणी असेल आणि दहा किलोंचे आठ किलो भरले, तर पाण्याचे प्रमाण ६९ टक्क्यांखाली गेले असे समजावे. यास्तव पाला सकाळच्या थंड वेळी तोडावा, सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवावा आणि लांबून वाहून आणणे टाळावे.

अंडीपुंजांची संख्याही याच हिशेबाने ठरवावी. १०० अंडीपुंजांस साधारणतः ८०० ते १,००० किलो पाला लागतो. बागेत १,२०० किलो पाला निघेल असा अंदाज असेल, तर शंभरच अंडीपुंज घेणे शहाणपणाचे. शेवटच्या दिवसांतील तूट भरून काढण्यास उरलेला पाला हाताशी राहतो. एप्रिल-मे महिन्यांत विहिरीने तळ गाठला, तर ते एक पीक सोडून द्यावे आणि उपलब्ध पाण्यावर बाग जगवावी. सोडलेल्या पिकाने उत्पन्न बुडते. फसलेल्या पिकाने उत्पन्नाबरोबर अंडीपुंज, मजुरी आणि उमेदही जाते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांची जबाबदारी येथेच मोठी आहे. अंडीपुंजांची मागणी नोंदविण्यापूर्वी त्यांनी शेतकऱ्यासह विहिरीवर जावे, बागेत फिरून पाल्याचा अंदाज घ्यावा आणि मग आकडा लिहावा. किती अंडीपुंज वाटले यावर कामाचे मोल ठरू नये. किती घरी चांगले कोष उतरले, यावर ते ठरावे.