हाडातील स्क्रू आणि मजुराचा रोज

मोडलेले हाड सांधण्यासाठी पोलादाच्या किंवा टायटॅनियमच्या पट्ट्या व स्क्रू वापरले जातात. हाड जुळून आले की त्यांचे काम संपते; ते मात्र शरीरातच राहतात. प्रौढांमध्ये पुष्कळदा ते तसेच ठेवता येतात. पण ते टोचू लागले, सैल झाले किंवा जंतुसंसर्ग झाला, तर दुसरी शस्त्रक्रिया अटळ ठरते. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये ते काढून टाकण्याकडेच अनेक शल्यविशारदांचा कल असतो. दुसरी शस्त्रक्रिया म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा रुग्णालयातील खाट आणि पुन्हा बुडालेला रोज. राज्य कामगार विमा योजनेतील कामगाराला आजारपणात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. उसाच्या फडातील किंवा नाक्यावर काम शोधणाऱ्या मजुराच्या वाट्याला हा आधार सहसा येत नाही.

ही दुसरी शस्त्रक्रिया टाळण्याचा मार्ग १९८४ साली फिनलंडमध्ये दिसला. हेलसिंकी येथील विद्यापीठाच्या रुग्णालयात पेन्त्ती रोक्कानेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी घोट्याची मोडलेली हाडे शरीरात जिरणाऱ्या सळ्यांनी सांधली. पॉलिग्लायकॉलिक व पॉलिलॅक्टिक आम्लांपासून घडवलेली अशी साधने शरीरातील पाण्यामुळे हळूहळू विघटित होतात व अखेर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांच्या रूपाने बाहेर पडतात. धातूइतके बळ त्यांच्यात नाही. म्हणून मांडीच्या हाडासारख्या भार वाहणाऱ्या हाडाला धातूच लागतो. आरंभीच्या काही रोग्यांना जखमेपाशी सूज व स्राव यांचा त्रासही झाला. पुढे मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंचे स्क्रू आले. त्यांपैकी एकाला २०१३ साली युरोपात मान्यता मिळाली. तेव्हा हा सर्वरोगहर उपाय नव्हे. परंतु घोटा, पाऊल, जबडा अशा ठिकाणी तो उपयुक्त आहे, हे निर्विवाद आहे.

प्रश्न आहे तो हा उपाय कोणाला परवडणार याचा. फिनलंडच्या सार्वजनिक विद्यापीठांत अंकुरलेल्या या विद्येवर उभी राहिलेली कंपनी २००३ साली एका अमेरिकन कंपनीने विकत घेतली. संशोधनाचा भार समाजाने वाहावा आणि फळ भागधारकांनी चाखावे, ही भांडवलशाहीची जुनी रीत येथेही चुकली नाही. जिरणारा स्क्रू धातूच्या स्क्रूहून महाग, म्हणून तो गरिबासाठी नाही, असे सांगितले जाते. हा हिशेबच अपुरा आहे. दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च, अडलेली खाट आणि बुडालेली मजुरी त्यात धरलीच जात नाही. जो खर्च गरिबाच्या खिशातून जातो, तो हिशेबाच्या वहीत दिसत नाही एवढेच.

किमतीला लगाम घालता येत नाही, हेही खरे नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने हृदयाच्या औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली आणि विरघळणारे स्टेंटही त्याच मर्यादेत आणले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवरही मर्यादा आली. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय साधने औषधांच्या कायद्याखाली आली व त्यांची छापील किंमत वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवण्यास मनाई झाली. परंतु मूळ किंमतच अवाच्या सवा असेल, तर या मनाईने रोग्याचे काय भले होणार?

साधने येथे घडवणेही अशक्य नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने घडवलेली हृदयाची कृत्रिम झडप १९९० साली प्रथम रोग्याला बसवण्यात आली आणि आयात झडपांहून ती बरीच स्वस्त पडली. जिरणाऱ्या स्क्रूंच्या बाबतीतही शासनाने हाच मार्ग धरावा. सार्वजनिक संस्थांकडे हे काम सोपवावे, किमतीला मर्यादा घालावी, आणि शासकीय रुग्णालयांसाठी एकत्रित खरेदी करून, जेथे वैद्यकीय दृष्ट्या योग्य असेल तेथे, हे साधन विनामूल्य द्यावे. कोणत्या हाडाला कोणता स्क्रू लावायचा, हे हाड पाहून ठरले पाहिजे, रोग्याची ऐपत पाहून नव्हे.