पाच पॉइंट चार, व्हाया मारेगाव

एक्सेल शीटवर माझा जेवढा विश्वास आहे, तेवढा माझ्या बायकोचा माझ्यावर नाही. ईएमआय, किराणा, मित्रांचं गोव्याचं वर्गणी-प्रकरण... सगळं शीटमध्ये. त्यामुळे बिअर बनवायला लागलो, तेव्हा तिचीही शीट झाली यात नवल काय!

थांबा, लगेच भुवया उंचावू नका. हा उद्योग मी केला अमेरिकेत, पोर्टलंडला, ऑनसाइट असताना. तिथे घरी बिअर बनवणं कायदेशीर आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरात बिअर बनवली तर १९४९ चा दारूबंदी कायदा आडवा येतो. पुण्यात परतल्यावर माझी भांडी माळ्यावर गेली. राहिली ती शीट, एक खिशात मावणारा पीएच मीटर आणि थोडी खुमखुमी.

आता पीएचचं काय एवढं? सांगतो. बिअरची सुरुवात मॅशनं होते. जव भिजवून, मोड आणून वाळवले की झालं माल्ट. ते भरडून साधारण पासष्ट-सदुसष्ट डिग्रीच्या पाण्यात तासभर ठेवायचं. त्यातली एन्झाइम्स पिठाची साखर करतात. ही एन्झाइम्स मात्र नखरेल! मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ च्या आसपास असला तर खूश. वर गेला की काम रेंगाळतं, सालपटातला तुरटपणा उतरतो आणि बिअर जिभेला खरखरीत लागते. गंमत म्हणजे पीएच ही कल्पनाच बिअरच्या घरात जन्मली. १९०९ मध्ये सोरेनसेन यांनी ती मांडली, ती कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत.

पाणी मॅशला कुठे नेणार, हे आधीच सांगणारं सूत्र जर्मनीच्या पाउल कोलबाख यांनी १९५३ मध्ये दिलं. पाण्यातली अल्कलिनिटी पीएच वर ढकलते, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम खाली ओढतात. म्हणून अल्कलिनिटीतून कॅल्शियमचा साडेतिनावा भाग आणि मॅग्नेशियमचा सातवा भाग वजा करायचा. उरते ती 'शिल्लक अल्कलिनिटी'. ती जितकी जास्त, तितका पीएच वर. डब्लिनच्या अल्कलाइन पाण्यात काळी स्टाउट जमली, कारण भाजलेलं माल्ट स्वतःच आंबट असतं. पिल्सेनच्या मऊ पाण्यात सोनेरी पिल्सनर जमली. आज हा हिशेब करणाऱ्या तयार शीट्स मिळतात. मार्टिन ब्रुंगार्ड यांची 'ब्रून वॉटर' त्यात नावाजलेली. पण आपण इंजिनीअर! मी कोलबाखच्या सूत्रावर स्वतःची जमवली.

पोर्टलंडला ती कधीच चुकली नाही. आता कळतं, की चुकायला तिथे वावच नव्हता. बुल रनचं पाणी इतकं मऊ, की आकडे जवळजवळ शून्य. शून्याला कितीनंही गुणा!

तर यंदा दिवाळीला मारेगावला निघालो. आमचं घर तिथलं, यवतमाळ जिल्ह्यातलं. नागपूरहून वणी, वणीहून पुढे एसटी, दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. बॅगेत फराळाच्या डब्याशेजारी अर्धा किलो माल्ट. प्लॅन साधा होता. फक्त मॅश करायचा, यीस्ट घालायचंच नाही. यीस्ट नाही म्हणजे अल्कोहोल नाही. उरतं ते गोड पाणी. कायदा खूश, आई खूश आणि माझी शीट खऱ्या कडक पाण्यावर तपासून होणार. आमच्या बोअरचं पाणी किती कडक, ते आंघोळीच्या बंबाला विचारा. दर दोन-तीन महिन्यांनी आतून पांढरी खपली ठोकून काढावी लागते.

दादाला आधीच पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यायला लावलं होतं. रिपोर्टचा फोटो मोबाइलवर आला. मी चार आकडे उचलले आणि शीटमध्ये टाकले. अल्कलिनिटी ३८०, कॅल्शियम १५०, मॅग्नेशियम १५०, पाण्याचा पीएच ७.६. शीट म्हणाली, मॅश येणार ५.८६ ला.

आईच्या स्वयंपाकघरात मोठ्या थर्मासात अर्धा किलो माल्ट, दीड लिटर गरम पाणी. आई डोकावली. "हे तर आपन लेकरायसाठी सत्त्व करतो, तसंच हाय ना रे!" अगदी तसंच. दहा-पंधरा मिनिटांनी चमचाभर काढलं, वाटीत गार केलं (गरम मॅशचा पीएच सुमारे ०.३ नं कमी दिसतो, म्हणून गार करूनच मोजायचा) आणि मीटर बुडवला.

६.१.

मीटर चार आणि सातच्या द्रावणात पुन्हा लावून घेतला. तरी ६.१. पाव पॉइंटचा फरक! ऐकायला किरकोळ वाटतो, पण पीएचच्या दुनियेत तो पुणे-नाशिक नाही, पुणे-नागपूर आहे.

मग रिपोर्ट नीट वाचला. फोटो मोठा करून, अक्षर न् अक्षर. तिथे कॅल्शियम १५० नव्हतंच. 'कॅल्शियम हार्डनेस, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात' १५० होतं. म्हणजे अडीचनं भागायचं, खरं कॅल्शियम ६०. मॅग्नेशियमचंही तेच, ४.१ नं भागून जेमतेम ३६. आणि माझी शीट मागत होती बायकार्बोनेट, मी दिली अल्कलिनिटी. तिला १.२२ नं गुणायला हवं होतं, म्हणजे ४६४. पीएच खाली ओढणारे दोघे मी फुगवून लिहिले, वर ढकलणारा कमी लिहिला. आकडे दुरुस्त केले, शीट म्हणाली ६.०७. बिचारी शीट बरोबरच होती! शिरेतून मोजून दीड मिलि लॅक्टिक आम्ल घातलं, ढवळलं, पुन्हा मोजलं. साडेपाचच्या किंचित खाली. जितं मया!

स्टोरी इथे संपली असती तर मी तुम्हाला फक्त युनिट्सचं लेक्चर दिलं असतं. पण रिपोर्ट पहिल्यांदाच पूर्ण वाचत होतो ना. खाली नवव्या ओळीत लिहिलं होतं, फ्लोराइड २.१. शेजारी मर्यादा छापलेली. चालेल ते १, आणि दुसरं पाणीच नसेल तर फार फार तर १.५.

ही ओळ माझ्याकडे आठ दिवस होती. मी पाहिलीच नव्हती, कारण माझ्या शीटमध्ये फ्लोराइडला रकानाच नाही. मॅशच्या पीएचला त्याचं काही घेणं-देणं नसतं.

माझ्या पुढच्या दातांवर लहानपणापासून पिवळट तपकिरी पट्टे आहेत. दादाच्याही. फोटोत आम्ही दोघं भाऊ तोंड मिटून हसतो. कॉलेजात मला वाटायचं, आपण नीट घासले नाहीत. पोरं विचारायची, किती खर्रा खातो बे? पुण्यात एकदा दात पांढरे करण्याचं कोटेशनही आणलं होतं. खरं कारण अंगणातच होतं, आधी हापशी आणि मग बोअर. आणि त्याच क्षणी दादाची पाच वर्षांची पोरगी स्टीलच्या पेल्यानं तेच पाणी घटाघटा पीत समोर उभी होती. दात अजून दुधाचे. कायमचे दात हिरडीच्या आत घडत असतात, साधारण आठव्या वर्षापर्यंत. पाणी तोवर बदललं तर फायदा होतो.

वहिनी म्हणाली, "पन आमी उकळूनच देतो तिले." तिला काय सांगू? उकळल्यानं अल्कलिनिटी उतरते, बंबात खपली बसते ती तीच. फ्लोराइड मात्र जात नाही. पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण उलट थोडं वाढतं.

बाबा इतका वेळ खुर्चीत गप्प होते. मग म्हणाले, "दारूसाठी पानी तपासलं तू. प्यासाठी आजवर कोनं तपासलं?"

आवाजात राग नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. मी नावापुढे इंजिनीअर लावतो. पोर्टलंडच्या पाण्याचा रिपोर्ट मला तोंडपाठ होता. घरच्या पाण्याचा मागवला तो मॅशसाठी!

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी वणीहून आरओ मशीन आणलं. बोअर आता धुण्या-भांड्याला. पिणं आणि स्वयंपाक आरओचा, कारण वरण-भातातूनही फ्लोराइड पोटात जातंच. आरओच्या पाण्याचाही नमुना तपासायला दिलाय, मशीनच्या डब्यावरच्या दाव्यावर आता विश्वास नाही. शेजारचे काकाही त्यांच्या बोअरचा कॅन घेऊन दादासोबत गेले.

मॅशचं गोड पाणी पुतणीला देणार नव्हतोच, बोअरचं होतं ना! झाडाला घातलं. शीटमध्ये मात्र एक रकाना वाढवलाय. फ्लोराइड. तो कुठल्याच सूत्राला जोडलेला नाही, एकच्या वर गेला की फक्त लाल होतो.

तुमचंही गाव असेलच कुठेतरी, बोअर किंवा हापशीवालं. पुढच्या वीकेंडला जाल तेव्हा दोन लिटरचा स्वच्छ कॅन न्या. आणि रिपोर्ट आला की प्लीज, शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.