थोरल्याला एकट्याला न्या

घरात दुसरे बाळ आले की महिना-दोन महिन्यांत थोरले माझ्या दवाखान्यात येते. पोट दुखते, जेवत नाही; किंवा वर्षभर कोरडे राहणारे पाच वर्षांचे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते. लघवी तपासावी, साखर पाहावी, शौचाला खडा होतो का विचारावे. पण पुष्कळदा काहीच निघत नाही. अशा वेळी मी टॉनिक लिहून देत नाही. आजीबाई नाराज होतात, होवोत.

वडिलांना सांगतो, आठवड्यातून एकदा तासभर याला एकट्याला बाहेर न्या. वार आधी सांगा, म्हणजे ते वाट पाहील. बाळ सासूबाईंकडे देऊन कधी आईनेही न्यावे. खर्चाची गरज नाही. आठवडी बाजारात वांगी त्याला निवडू द्या, एस.टी. स्टँडवर गाड्या दाखवा. मोबाइल घरी ठेवा. ‘तू आता मोठा झालास’ हे पुराण वाटेत नको. अंथरूण ओले झाले म्हणून फेरी रद्द करणे तर मुळीच नको.

वेळ नाही, असे पानटपरीवर तासभर उभे राहणारे बापही म्हणतात!

लघवीला जळजळ, ताप किंवा सारखी तहान असेल, तर मात्र बाजाराआधी डॉक्टर गाठा.