पोराला जुना लॅपटॉप घेताय? आधी 'जनरेशन' बघा

छत्रपती संभाजीनगर : पैठण, कन्नड, वैजापूरच्या गावांतून उस्मानपुऱ्यातील शासकीय तंत्रनिकेतनात शिकायला आलेल्या पोरांना लॅपटॉप लागतोच. नवा परवडत नाही, मग जुना शोधला जातो. इथेच फसगत होऊ शकते.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबवले. लॅपटॉप चालू राहतो, पण सुरक्षेचं कुंपण कमजोर होतं. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे चांगल्या चालत्या मशीनचीही किंमत उतरली. ज्याला हे ठाऊक नाही, त्याच्या गळ्यात ती जुन्याच भावाने पडणार.

त्यामुळे 'आय-५ आहे' एवढ्यावर पैसे मोजू नका. पुढचा आकडा बघा : ८२५० म्हणजे आठवी जनरेशन, ७२०० म्हणजे सातवी.

घरात जुना लॅपटॉप असेल तर भंगारात देऊ नका. लिनक्स मिंट आणि लिब्रेऑफिस फुकट आहेत, मराठीही चालते. मात्र ऑटोकॅड लिनक्सवर थेट चालत नाही. सिव्हिल, मेकॅनिकलच्या पोरांनी आधी सरांना विचारावं, मगच पैसे द्यावेत.