आवाज हवा, नाव नको!

रॅप आता मुंबईच्या गल्ल्यांपुरता उरलेला नाही, तो आमच्या देगलूरलाही आलाय. एक लॅपटॉप, एक माइक, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना टांगलेल्या गोधड्या, की झाला स्टुडिओ. पोरं बेकारीवर, पाण्यावर, जातीवर बोलतात याचा मला आनंदच आहे. सभेत तोंड न उघडणारा मुलगा माइकपुढे तीन मिनिटं न थांबता बोलतो ही लहान गोष्ट नव्हे. पण मैत्रिणींनो, या गाण्यांत बाई कुठे असते?

मागे असते. कडवी पोरांची, आणि मधलं गोड ध्रुवपद, ज्याला ही पोरं 'हुक' म्हणतात, ते मुलीच्या आवाजात.

हे काम कसं चालतं ते मी बसून पाहिलं आहे. मुलीला एकच ओळ चार-पाच वेळा म्हणायला लावतात. एक आवाज मधोमध, दोन डाव्या-उजव्या कानात, एक वरच्या सुरात, असे थर लावतात. मग मिक्सिंग करणारा तिच्या आवाजातला खालचा जाडपणा कापतो, कारण ती जागा ठेक्याला आणि पोराच्या आवाजाला लागते. वर घुमारा चढवला की आवाज लांबून आल्यासारखा होतो. यात गैर काही नाही. मागचा आवाज मागेच ठेवायचा असतो. पोवाड्यात झीलकरी असतातच. पण झीलकरी शाहिराच्या शेजारी उभा असतो, लोकांना दिसतो, आणि कुठल्या पोवाड्याला आपण झील धरतोय हे त्याला माहीत असतं.

इथे तेच नसतं. आमच्या गटातल्या एका मुलीला 'पावसावरचं गाणं आहे' म्हणून बोलावलं. तिला ठेका ऐकवला, शब्द ऐकवले नाहीत. नुसतं "ये, ये" आळवून घेतलं आणि घरी पाठवलं. तीन आठवड्यांनी गाणं मोबाइलवर फिरू लागलं तेव्हा त्या "ये, ये"ला जोडून एका पोरीच्या अंगाचं वर्णन करणारं घाणेरडं कडवं होतं. पावसाला घातलेली साद मिक्सिंगमध्ये भलत्यालाच दिलेलं आमंत्रण झाली. नाव कुठेही नव्हतं, तरी गल्लीनं आवाज बरोबर ओळखला. भावानं तिचा कॉम्प्युटरचा क्लास बंद केला. श्रेय द्यायच्या वेळी ती कोणी नव्हती, बदनामीच्या वेळी मात्र तीच होती!

मी जाब विचारला तेव्हा उत्तर आलं, "ताई, तिनं तर दोनच शब्द म्हणले की. बाकी सगळं आमचंच हाय." दोनच शब्द? मग ते काढून गाणं वाजवून दाखवा ना. लोक गुणगुणतात ते तेवढंच.

ही चलाखी देगलूरची नव्हे. १९९० साली अमेरिकेत 'सी अँड सी म्युझिक फॅक्टरी'चं एक गाणं गाजलं. रॅप पुरुषाचा, आणि ज्यावर लोक नाचले तो आवाज मार्था वॉश हिचा. व्हिडिओत मात्र तिच्या आवाजावर दुसऱ्याच सडपातळ बाईनं ओठ हलवले, कारण मार्था जाड होती. ती कोर्टात गेली, तेव्हा कुठे गाणारीचं नाव देणं कंपन्यांना भाग पडू लागलं.

आपला कायदा काय म्हणतो? २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याचं कलम ३८ ब कलावंताला दोन हक्क देतं: आपलं नाव लागण्याचा, आणि आपल्या कलेची अब्रू जाईल अशी मोडतोड झाल्यास ती रोखण्याचा. व्यापारी वापर झाला तर मानधनापलीकडे रॉयल्टीचीही तरतूद आहे. पण व्याख्येत एक मेख आहे. चित्रपटात ज्याचं काम किरकोळ, आणि धंद्याच्या रिवाजानं ज्याचं नाव श्रेयनामावलीत येत नाही, तो कलावंतच नव्हे! (कायद्याच्या भाषेत व्हिडिओ हाही चित्रपटच.) नाव नाही म्हणून कलावंत नाही, आणि कलावंत नाही म्हणून नाव नाही. हा रिवाज पाडला कोणी? एवढं करूनही मोडतोड रोखण्याचा दुसरा हक्क कायद्यानं अशा बिननावाच्या माणसालाही ठेवला आहे. ही फट आपण वापरली पाहिजे.

काहीजणी म्हणतील, मुलींनाच नाव नको असतं. खरं आहे. घरच्यांच्या भीतीनं पुष्कळजणी स्वतःच नको म्हणतात. मग टोपणनाव घ्यावं, किंवा न घ्यावं. ठरवायचं तिनं, लॅपटॉप ज्याचा आहे त्यानं नव्हे. आणि नाव नको म्हणजे पैसेही नकोत असा अर्थ कोणी काढला? नाव राखणं अवघड असतं असंही कोणी सांगू नये. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या गाणाऱ्या बायांच्या नावा-गावासकट. आज त्यांतल्या काही इंटरनेटवर ऐकायला मिळतात. दळता दळता गाणाऱ्या बाईचं नाव टिपता येतं, तर चार मित्रांच्या खोलीत येत नाही?

एम.एस.डब्ल्यू. करताना मी असंघटित कामगार शिकले, विडीवाली, वीटभट्टीवाली. गोधड्यांच्या खोलीत रात्री दहाला एकटी गाणारी मुलगी त्या यादीत नव्हती. पण तीही कामच करते. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा दहापेक्षा कमी माणसांच्या अशा जागांनाही लागू आहे. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, आणि ती तालुक्यातच घेऊन सात दिवसांत पुढे पाठवायला अधिकारी नेमण्याची तरतूद त्यात आहे. आपापल्या तालुक्यात तो कोण, हे तहसीलमध्ये जाऊन विचारा.

आमच्या गटानं एका पानाचा कागद केला आहे. गाण्याआधी सगळी कडवी वाचायला मिळतील. सोबत मैत्रीण येईल. पैसे किती ते लिहिलेलं असेल. मिक्सिंग झालेलं गाणं बाहेर पडण्याआधी ती ऐकेल, आणि नको म्हणाली तर तिचा आवाज निघेल. दोन पोरांनी सही केली. एकानं "एवढ्या भानगडीपेक्षा कॉम्प्युटरवरच बाईचा आवाज काढतो" म्हणून कागद परत केला. कागदाचा नमुना ज्या गटांना हवा असेल त्यांनी अंकाच्या पत्त्यावर कळवावं, आणि आपल्या गावच्या मुलींना विचारून त्यात काय कमी आहे तेही लिहावं.