कापडाचा रंग आणि गर्भांतील जीव

नव्या कापडाचा रंग पाण्यांत उतरला, तर गृहिणीस काळजी वाटते ती इतर कपड्यांवर डाग पडण्याची. तोच रंग प्राण्याच्या शरीरांत गेला तर काय होतें, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. तो विचारण्याजोगा आहे, हें एका निळ्या रंगाच्या हकीकतीवरून आम्ही वाचकांस दाखवूं इच्छितों.

'ट्रिपॅन ब्लू' हा सुती कापडास बसणारा कृत्रिम रंग. १९४८ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील गिलमन प्रभृति संशोधकांनीं तो गाभण उंदरिणींस टोंचून पाहिला. माता जगल्या, परंतु कित्येक पिलांच्या डोक्यांत पाणी सांचलेलें, तर कित्येकांच्या पाठीचा कणा उघडा राहिलेला आढळला.

आश्चर्य असें कीं, हा रंग प्रत्यक्ष गर्भाच्या देहांत जवळजवळ शिरतच नाहीं. उंदराच्या गर्भाचें आरंभींचें पोषण भोवतालच्या पीतककोशाकडून होतें. मातेकडून आलेलीं प्रथिनें तो कोश शोषून पचवितो आणि गर्भास पुरवितो. रंग सांचतो तो या कोशाच्या पेशींत, आणि तेथील पचन मंद करतो. ही उपपत्ति १९६७ सालीं बेक, लॉइड व ग्रिफिथ्स यांनीं मांडली. धान्यानें घर भरलेलें, पण स्वयंपाकघरास कुलूप, अशी त्या जिवाची अवस्था होते. सुमारें २२ दिवसांच्या गर्भकाळांत हा घात मुख्यतः सातव्या ते नवव्या दिवशीं होतो. वार कामास लागल्यावर तोच रंग टोंचला, तर असें व्यंग येत नाहीं.

यावरून रंगीत लुगड्याचें भय कोणीं घेऊं नये. प्रयोगांत रंग सरळ शरीरांत टोंचला होता, आणि मनुष्याच्या गर्भपोषणाची रीत उंदराहून भिन्न आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेंत हाच रंग आजहि अल्प प्रमाणांत वापरतात. बोध निराळा आहे : प्रौढ प्राण्यास जें सोसतें, तें गर्भास सोसेलच असें नाहीं. म्हणून 'जनावर मेलें नाहीं' एवढ्यावरून कोणताहि रंग निर्धोक ठरवूं नये. गर्भावरहि त्याची परीक्षा व्हावयास हवी.

घरीं पाळावयाचे नियम सोपे आहेत. नवें रंगीत कापड, विशेषतः तान्ह्या मुलाचें, धुऊनच वापरावें. रंगाची पूड स्वयंपाकाच्या भांड्यांत कालवूं नये. रंगाचें पाणी विहिरीपाशीं किंवा गुरांच्या डोणीजवळ ओतूं नये. घरांतील गरोदर सुनेच्या आहाराची जी काळजी आपण वाहतों, तीच गोठ्यांतील गाभण गाईच्या पाण्याविषयींहि वाहिली पाहिजे.