निजलेला वाघ

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी १९५३ साली उघडलेल्या पेशवे पार्कात प्राणी पिंजऱ्यांत असत. १९९९ साली कात्रजला नवे प्राणिसंग्रहालय झाले. वाघापुढे गजांऐवजी खंदक व झाडी आली. प्राण्यांचे घर मोठे झाले. पाहणाऱ्यांचे मनही मोठे व्हावयास नको काय?

रात्री हिंडणारा वाघ दिवसा निजणारच. तरी सहकुटुंब सहलीस आलेली कित्येक मुले आरोळ्या देऊन त्यास उठवू पाहतात, माकडांपुढे शेंगा फेकतात. आणि वडीलधारी माणसे कौतुकाने हसतात! कायद्याने यास मनाई आहे. पण कायद्याच्या भीतीहून घरची रीत मोलाची. मोसमकाठच्या नामपूरचा शेतकरी रवंथ करीत बसलेल्या बैलास उगाच डिवचीत नाही. तीच रीत वाघाशीही पाळावी. निजलेला वाघ पाहून परतल्याने सहल वाया जात नाही.